दाराचं माप

बी.पी. 42 या जर्मन चिलखती आगगाडीबद्दल मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. इंजिन प्रशियन जी 10 जातीचं, पाच जोड चाकांचं, बॉयलर पोलादी पत्र्याआड झाकलेला, आणि जागा गाडीच्या बरोबर मध्यभागी. त्याच्या दोन्ही अंगांना तोफांचे नि सैनिकांचे डबे. अगदी टोकांना खोलगट वाघिणी, त्यांवर चेक बनावटीचे 38(टी) रणगाडे, वेळ आली की उतरणीवरून खाली रुळांशेजारी धावायला तयार. आता विचारा, ज्या विरार लोकलने मला नालासोपाऱ्याहून चर्चगेटला नेलं-आणलं, जिच्यात माझी निम्मी हयात उभ्याने गेली, तिच्या दाराची रुंदी किती? अगदी अलीकडेपर्यंत मी दोन हात पसरून ‘एवढी’ म्हणालो असतो.

पहिली गाडी मात्र मी लोकलच केली होती. तुळिंजच्या चाळीत राहायचो आम्ही. वडिलांकडे शर्टांची रिकामी खोकी यायची, त्यांचा पुठ्ठा कापून नि खळ लावून डबे उभे राहायचे. संदर्भ म्हणजे डोळे. वडिलांची वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभा राहून मी खिडक्या मोजायचो, जाळी कुठे आहे आणि कुठे नाही ते पाठ करायचो. तपकिरी-पिवळा रंग तेलखडूने यायचा. मोटरमनची केबिन दोन्ही टोकांना, म्हणजे गाडी कुठूनही ओढली तरी पुढेच जाणारी. हे मला फार आवडायचं.

म्हणूनच कॉलेजात असताना फाउंटनच्या फूटपाथवर ‘मिलिटरी मॉडेलिंग’चा एक जुना, पाणी लागलेला अंक हाती आला आणि त्यात तशीच दोन्ही बाजूंनी सारखी गाडी दिसली, तेव्हा पाय तिथेच थांबले. इथे सोयीसाठी केलेली गोष्ट तिथे लढाईसाठी केली होती: पुढून वाट बंद झाली तर मागे जाता यावं, आणि जाताना तोफ दोन्हीकडे असावी. अंक घेतला. पुढची बरीच वर्षं पगारातला चोरकप्पा या नादात गेला.

या छंदात किट जोडणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे संदर्भ जमवणं, आणि खरी चटक त्याचीच. ट्रम्पेटर या चिनी कंपनीने ते चिलखती इंजिन 1:35 मापात काढलं, पण खोक्यातलं प्लास्टिक खरं किती, हे ठरवायला पुस्तक लागतं. वोल्फगांग साव्होड्नी हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी या गाड्यांचा माग काढण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन चिलखती गाड्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. माझी प्रत आतेभावाने जर्मनीहून येताना लोणच्याच्या रिकाम्या झालेल्या जागेत आणली. मला जर्मन येत नाही. आकृत्या वाचता येतात. चिलखताचा पत्रा तीस मिलिमीटरपर्यंत जाड, म्हणजे 1:35 मध्ये एक मिलिमीटरही नाही. हे कळल्यावर किटमधल्या झाकणाची कड आतून तासावी लागते, नाहीतर ते झाकण किल्ल्याच्या दरवाजासारखं दिसतं. डिसेंबर 2008 मध्ये जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने ऐंशी हजारांवर जुने फोटो इंटरनेटवर खुले केले. त्या हिवाळ्यात माझ्या घरी रात्री दिवा उशिरापर्यंत जळायचा.

फोटोंचीही एक जात असते. उभ्या गाडीचा फोटो नेहमी पुढून, हसऱ्या जवानांसकट. त्यात छत नाही, पोट नाही. खरा ऐवज म्हणजे उलटलेली गाडी. 10 मे 1940 ला पहाटे पहिल्या क्रमांकाची पांझरत्सूग, म्हणजे चिलखती गाडी, खेनेपचा पूल ओलांडून हॉलंडमध्ये घुसली आणि परतताना मिल गावाजवळच्या अडथळ्यावर रुळांवरून घसरली. तिच्यासारखी गाडी कुशीवर पडली की चाकांची धुरी, ब्रेकचे दांडे, सगळं उघडं पडतं. शत्रूची फजिती ती मॉडेलवाल्याची दिवाळी. रंगाचं मात्र कोडं. फेब्रुवारी 1943 मध्ये गडद राखाडीऐवजी गडद पिवळा लावायचा हुकूम निघाला, पण काळ्या-पांढऱ्या फोटोत धुळीने माखलेला राखाडी आणि नवा पिवळा सख्खे भाऊ. खात्री करायला अख्खी गाडी कुठे उरलेलीच नाही. वॉर्साच्या रेल्वे संग्रहालयात सोळा क्रमांकाचा एक चिलखती रेल-मोटार डबा तेवढा उभा आहे.

फोटो बघता बघता एक गोष्ट हळूहळू टोचायला लागली. यातले कितीतरी फोटो प्रचार-तुकड्यांच्या छायाचित्रकारांनी काढलेले. त्यांचं कामच होतं गाडी शूर दाखवणं. ती गाडी व्यापलेल्या रशियात, बाल्कनमध्ये बंडखोरांपासून रुळांची राखण करत हिंडायची. रुळांशेजारच्या ज्या गावांवर तिच्या तोफा वळल्या, ती गावं चौकटीत नाहीत. आणि राखलेल्या त्या लोहमार्गांच्या जाळ्यावरून छळछावण्यांकडे माणसं भरून जाणाऱ्या गाड्याही धावल्या. म्हणजे माझ्याकडे रिव्हेटगणिक जो पुरावा होता, तो एका अर्थी जाहिरातीचा कागद होता. मी मॉडेल पूर्ण केलं, पण त्यावर एकही जवान उभा केला नाही. गाडी कपाटावर आहे, रिकामी.

त्यानंतर लोकल करायची ठरवली, तेव्हा कळलं की जाहिरातसुद्धा ज्यांच्या वाट्याला येत नाही अशाही गाड्या असतात. चर्चगेटकडची ही लाइन 1928 साली बोरिवलीपर्यंत आणि 1936 साली विरारपर्यंत विजेवर आली. कोट्यवधी माणसांनी त्या डी.सी. लोकल वापरल्या. पश्चिम रेल्वेवर डी.सी. वीज 2012 साली संपली आणि ते जुने रेक भंगारात गेले. त्यांचं मापासकट रेखाचित्र बाजारात शोधा! कारखान्यांच्या कपाटांत असतीलही, माझ्यापर्यंत काही आलं नाही. घरोघरच्या अल्बमात लग्न आहे, बारसं आहे, माथेरानची टॉयट्रेनही आहे, लोकल नाही. तिचा फोटो कोण काढणार? हात मोकळा असतो कुठे? आणि मोकळा असलाच तर वर्दीतला कोणीतरी येऊन विचारायचा, “काय चाललंय?” 11 जुलै 2006 ला याच लाइनवर सात स्फोट झाले. त्यानंतर कॅमेरा घेऊन पहिल्या वर्गाच्या दाराशी रेंगाळणाऱ्या माणसाकडे लोकांनी संशयाने बघावं, याचं मला वाईट वाटलं नाही. स्फोटांत गेलेली माणसं आमच्याच गाडीतली होती.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी 1998 मध्ये उघडलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे 1:87 मापाच्या गाड्या पळताना बघितल्या आणि वाटलं, हेच माप घ्यावं. मग गणित आडवं आलं. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, युरोपचा 1435. बाजारात मिळणारे 1:87 चे रूळ युरोपच्या हिशेबाने साडेसोळा मिलिमीटरचे; आपल्याला एकोणीसच्या वर हवेत. आपला लोकलचा डबा बारा फूट रुंद, म्हणजे 42 मिलिमीटर. तो त्या अरुंद रुळांवर ठेवला की पाटावर बसलेल्या जाड माणसासारखा दोन्हीकडून ओघळतो. रूळ हाताने करावे लागले.

माणसांचं आणखी वेगळं. चिलखती गाडी रिकामी चालते. विरार लोकल रिकामी ठेवली तर ते खोटं मॉडेल. 1:87 ची तयार माणसं प्रायझर नावाची कंपनी बनवते, तीही जर्मनच. पाकिटातून निघाले ओव्हरकोट घातलेले, हॅट घातलेले, आरामात ट्रेनची वाट बघणारे गृहस्थ. त्यांच्या हॅट कापल्या, कोट तासून हाफशर्ट केले, पाठीवरची पिशवी छातीवर घेतली, गरम चिमट्याने कोपर वर वळवलं आणि दारात लटकवले. नखाएवढ्या दारात नऊ जण बसवले. शेजारचे काका भिंग लावून बघत होते. म्हणाले, “सकाळची आठची नाही दिसत ही. हवा जातेय आतून.” आणखी तिघे घुसवले.

याच सुमारास एका रविवारी सोपाऱ्याच्या स्तूपावर गेलो होतो. गावकरी त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं. आत दगडी पेटी, तिच्यात बुद्धाच्या आठ मूर्ती, मधोमध तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा, त्यात दगडी, मग स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. पंडितजींनी मापं घेतली, आकृत्या काढल्या, छापून ठेवल्या. वस्तू मुंबईला एशियाटिक सोसायटीत गेल्या, पण तो कोट आतून कसा होता हे आजही सांगता येतं, कारण एक माणूस टेप आणि वही घेऊन तिथे उभा राहिला. त्याआधी शतकानुशतकं लोक त्या टेकाडावरून ये-जा करतच होते. रोज पायाखालचं कोणी मोजत नाही. युद्ध आपला हिशेब स्वतः ठेवतं, त्यासाठी कारकून नि फोटोग्राफर नेमतं. रोजच्या जगण्याला तसा कारकून नसतो. तो आपणच व्हावं लागतं.

जुन्या डी.सी. रेकचं काम आता ऐकीव आठवणींवर आणि दोन-चार पुसट फोटोंवर भागवावं लागणार. पण 2007 पासून आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या अजून धावतायत. 25 डिसेंबर 2017 ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल आली. तिची दारं बंद होतात. दारं बंद झाली की दारातला दांडा जाणार, त्याला धरून उभं राहायची रीत जाणार. माणसं पडायची थांबली तर बरंच आहे, दांड्यासाठी मी गळा काढणार नाही. पण तो किती उंचीचा होता, मुठीच्या उंचीवर त्याचा रंग उडून आतलं पोलाद कसं चकाकायचं, हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं.

म्हणून रविवारी दुपारी मी उलटा विरारला जातो. पूर्वी सीटसाठी रिटर्न मारायचो, आता मापांसाठी. गाडी रिकामी होऊन पुन्हा भरेपर्यंत काही मिनिटं मिळतात. शिंप्याचा टेप, वही, पेन्सिल. दार झालं, दांडा झाला, वरच्या कड्यांमधलं अंतर झालं. बाकांची पाठ आणि खिडकीचे गज राहिलेत. मागच्या वेळी एक पोरगा विचारून गेला, “काका, रेल्वेत आहात का?” नाही म्हटल्यावर जरा हिरमुसला. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी असलं तर काम दुप्पट वेगाने होईल. नालासोपारा-वसईकडचं कोणी रिकामं असेल तर या. पास स्वतःचा आणा.