थिबाराजाची नात

आरे-वारेच्या चढावर गाडी थांबली की मुलं आधी खिडकीतूनच ओरडतात, मग उतरतात. खाली एका अंगाला आरे, दुसऱ्या अंगाला वारे, आणि पुढे नुसता समुद्र. गेल्या हिवाळ्यात आमची सहल मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघायला निघाली होती. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे सहलीतही माझा तास काही संपत नाही. वर्गात नुकतंच बहादूरशाह जफरबद्दल बोलणं झालं होतं. समुद्र बघून एका मुलीने विचारलं, "टीचर, बादशाहला असंच जहाजातून नेलं?"

मी सांगितलं. 1858 मध्ये इंग्रजांनी त्याला रंगूनला नेलं. 1862 मध्ये तो तिथेच गेला. कबरीची खूणही राहू दिली नाही, ती नेमकी जागा 1991 मध्ये खोदकामात सापडली. मुलं गप्प झाली. मग तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे आपला बादशाह तिकडे आणि तिकडचा थिबाराजा आपल्याकडे. अदलाबदलच केली की!"

सगळे हसले. मीही हसले. पण पुढे तिने विचारलं, "त्याची मुलं-बाळं कुठे गेली?" आणि मी गाडीत बसायची घाई केली.

उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच घाई केली.

बर्माचा राजा थिबा 1886 मध्ये रत्नागिरीत आला, तो परत गेलाच नाही. तीस वर्षं इथे काढून 1916 मध्ये वारला. आपण पाहुण्यांना जो थिबा पॅलेस दाखवतो, तो 1910 मध्ये बांधून झाला, म्हणजे राजाला त्यात जेमतेम सहा वर्षं मिळाली. त्याला चार मुली. थोरली आली तेव्हा पाच वर्षांची होती. इथेच वाढली. राजघराण्याच्या मुलीला शोभेल असा नवरा रत्नागिरीत कुठून मिळणार? तिचा जीव जडला तो वाड्यावरच्या दरवानावर, गोपाळ सावंतांवर. त्यांचं लग्न आधीच झालेलं होतं. 1906 मध्ये तिला मुलगी झाली, तिचं नाव तुतू.

1919 मध्ये राजाच्या कुटुंबाला मायदेशी जायची परवानगी मिळाली. थोरलीही गेली. पण ती तिथे रमली नाही. मुलीला घेऊन रत्नागिरीला परत आली, आणि 1947 मध्ये गरिबीत इथेच गेली. मंडालेत तिची जेमतेम पाच वर्षं गेली होती, रत्नागिरीत त्याच्या दहापटीहून जास्त. तिचा वतन कुठला म्हणायचा?

तुतूचं लग्न शंकर पवार नावाच्या मेकॅनिकशी झालं. राजाची नात मराठी बोलत, पोरंबाळं वाढवत, कष्टात जगली आणि 2000 मध्ये वारली. त्याच वर्षी अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही कादंबरी आली आणि थिबाची कथा जगभर पोचली.

2000 मध्ये मी बी.ए.ला होते. त्याच शहरात.

माझी नानी राजिवड्याची. बोलता बोलता तिच्या तोंडी कधीतरी 'राजाची नात' यायची, पण आवाज खाली यायचा आणि आम्हा मुलींना पाणी आणायला धाडलं जायचं. दरवानाची गोष्ट मुलींसमोर कशी सांगायची! आमच्या घरात राजा आदराने आला, राजकन्या मात्र कुजबुजीतून आली. मीही ती तशीच घेतली. वीस वर्षं ती बाई माझ्याच शहरात श्वास घेत होती, आणि मी परीक्षेसाठी जफरच्या जलावतनीवर पानं भरत होते. एकदाही वाटलं नाही की जाऊन दोन शब्द बोलावेत. भाषेची अडचण नव्हती. ती मराठीच बोलायची.

बादशाहचं दुःख आपल्याला शेरांसकट मिळतं, राजाचं दुःख वाड्यासकट. ज्या बाईने परक्या गावाला आपलं मानलं, तिथलाच माणूस निवडला, परत जायची संधी मिळाल्यावरही इथेच आली, तिच्यासाठी आपल्याकडे फक्त खालचा आवाज होता. बी.एड.ला शिकवलं होतं, मुलांच्या प्रश्नाला बगल देऊ नये. मी दिली, कारण नानीचा आवाज अजून माझ्या घशात होता.

सोमवारी वर्गात मी सगळं सांगितलं. दरवान, लग्न, गरिबी, काही लपवलं नाही. कोणी खुसखुसलं नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा एवढंच म्हणाला, "माझे पणजोबा रंगूनला होते. बेचाळीसला चालत निघाले." त्याला म्हटलं, घरी विचारून ये, पुढच्या तासाला तू सांगायचं.

मग सगळ्यांना वहीत एक ओळ लिहायला सांगितली: तुतू शंकर पवार, रत्नागिरी, 1906 ते 2000. सहलीत प्रश्न विचारणाऱ्या मुलीने हात वर केला.

"टीचर, उर्दूत तुतू लिहिताना 'ते' की 'तोय'?"

"ते," मी म्हटलं. "साधा ते."