रोलर ओढणारा बाळू

आमच्या तेलगावात क्रिकेटचा एक अलिखित नियम आहे. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. बॅट नसणाऱ्यांनी बॉल टाकायचा. मित्रांनो, तुमच्याही गावात हेच असणार! म्हणूनच पळवणकर बाळूंबद्दल वाचलं तेव्हा हा माणूस आपल्याच गल्लीतला वाटला.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. चर्मकार कुटुंब, वडील पुण्यात लष्कराकडे नोकरीला. बाळू आधी पारशी मंडळींच्या एका क्लबात झाडलोटीला आणि रोलर ओढायला लागले, महिना तीन रुपयांवर. १८९२ च्या सुमारास गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. पगार चार रुपये! खेळपट्टी तयार करायची, नेट बांधायचं आणि साहेबांना तासन् तास डाव्या हाताने बॉल टाकायचा. बॅट मात्र त्यांच्या हातात कुणी दिली नाही. ग्रेग नावाचा कसलेला बॅट्समन आउट झाला की बाळूंना आठ आणे देई, असं सांगतात. आपण इंजिनिअरिंगवाले, हिशेब करू. महिन्यात आठ वेळा आउट केलं की पगार डबल! हात असा बसला. कोच नाही, कॅम्प नाही, नुसती मजुरी.

पुढे पुण्यातल्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचं होतं. बऱ्याच वादावादीनंतर बाळूंना संघात घेतलं. मैदानावर बॉल सगळ्यांच्या हातून फिरायचा, तेव्हा विटाळ नव्हता. चहाची सुट्टी झाली की मात्र बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. म्हणजे विकेट चालायची, माणूस चालत नव्हता.

नंतर ते मुंबईला गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम दोघंही होते. १९११ साली भारतीय संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. संघ बहुतेक ठिकाणी मार खाऊन आला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांचं वय पस्तीस होतं! एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० साली उपकर्णधारपदापर्यंत गाडी आली. शेवटी १९२३ मध्ये दुसरा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. बाळूंनी वीस वर्षं रोलर फिरवून गुळगुळीत केलेल्या वाटेवरून भाऊ पुढे गेला, असं मला वाटतं.

हे सगळं वाचताना मला आमच्याकडचा एक बॉलर आठवत होता. नाव सांगत नाही. त्याचा यॉर्कर म्हणजे, काय सांगू, स्टंप पडल्यावरच कळायचं. आईबाप ऊसतोडीला जाणारे. आमच्या गावालगतच साखर कारखाना आहे, तरी टोळ्या जातात लांब लांब, पश्चिम महाराष्ट्रात, पार कर्नाटकात. दिवाळी आली की मुकादमाची उचल घेतलेलं सगळं बिऱ्हाड ट्रकमध्ये चढायचं आणि पोरगंही त्यांच्याबरोबर. आमच्याकडे टेनिस बॉलच्या टुर्नामेंट भरतात नेमक्या थंडीत. तेव्हा हा कुठल्यातरी फडात मोळ्या वाहत असायचा.

बाळू गुणी होते, यात वादच नाही. पण त्यांची मजुरी त्यांना रोज सकाळी मैदानावर आणून उभी करत होती. आमच्या बॉलरची मजुरी त्याला मैदानापासून लांब नेत होती. दोघांच्या हातात फरक किती होता, ते मोजायला मला तरी कुठलं सूत्र सापडलेलं नाही.

पट्टा पडला की टोळ्या गावी परततात. तोपर्यंत ऊन तापलेलं असतं, बक्षिसं वाटून झालेली असतात. एका वर्षी आल्या आल्या त्याने पहिला प्रश्न विचारला होता, "फायनलला बॉलिंग कुणी टाकली रे?"