सदाशिव पेठ ते वांद्रे

पुण्याहून अमेरिकेला जाणारी वाट कोठून सुरू होते, असे विचारले तर कोणीही लोहगावच्या विमानतळाकडे बोट दाखवील. पण ज्यांच्या घरातले मूल शिकायला परदेशी निघाले आहे, त्यांना विचारून पाहा. ती वाट घरातल्या लोखंडी कपाटापासून सुरू होते आणि विमानतळ दिसण्यापूर्वी निम्मे पुणे पालथे घालायला लावते.

आमच्या कन्येच्या मागोमाग मी ही यात्रा केली. पहिला मुक्काम गणेशखिंड. गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती विद्यापीठातून आणायच्या होत्या. मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात ज्या वास्तूत राहत, तीच १९४९ पासून विद्यापीठाची झाली आणि २०१४ मध्ये त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव मिळाले. तिथल्या वडाच्या सावलीत बसून मी नव्या वाटसरूंकडे पाहत होतो. प्रत्येकाच्या हातात फाईल आणि प्रत्येकामागे एक बाप!

दुसरा मुक्काम फोटोग्राफरकडे. अमेरिकन व्हिसाचा फोटो दोन इंच बाय दोन इंच, पाठीमागे पांढरा पडदा आणि डोळ्यांवर चष्मा नको, असा नियम. आमच्या घराण्यात तीन पिढ्या चष्मा आहे. चष्मा काढलेली कन्या मलाच क्षणभर परकी वाटली, तर साहेबाला ती कशी ओळखू यायची!

मग प्रवेशाचे पत्र आले. आम्ही पेढे वाटले. त्यामागोमाग अमेरिकन कॉलेजने ‘आय-२०’ नावाचा कागद धाडला. त्यावर पहिल्या वर्षाचा खर्च डॉलरांत छापलेला होता. तो रुपयांत करून पाहिल्यावर पेढे जरा घाईने वाटले, असे वाटू लागले. तो पैसा आपल्यापाशी आहे हे दाखवायचे, ‘सेव्हिस’ नावाची ३५० डॉलर फी भरायची, ‘डीएस-१६०’ हा लांबलचक अर्ज भरायचा. शिवाय २०२५ पासून समाजमाध्यमांवरची आपली खातीही सर्वांसाठी उघडी ठेवायची! वाड्यात राहिलेल्या माणसाला यात नवे काही वाटू नये. आमच्या लहानपणी सगळ्यांचीच खाती सगळ्यांना उघडी असत.

पण खरी मेख पुढेच होती. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात २१४ (ब) नावाचे एक कलम आहे. विद्यार्थी म्हणून येणारा माणूस कायमचाच राहायला येत आहे, असे ते गृहीत धरते. तसे नाही, हे ज्याचे त्याने पटवून द्यायचे. म्हणजे ‘मी परत येईन’ याचा पुरावा हवा! मी कपाट उघडले. घराचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, ठेवींची प्रमाणपत्रे, सारे काढले. आई पलंगावरून पाहत होती. ती म्हणाली, “माझाही एखादा कागद लाव हो त्यात. आजी आहे म्हणावं घरी.”

त्या रात्री मला आनंदीबाई जोशी आठवल्या. १८८३ मध्ये त्या डॉक्टर होण्यासाठी निघाल्या, तेव्हा अमेरिकेत उतरायला व्हिसा लागत नसे. मुलाखत मात्र त्यांनाही चुकली नाही. ती घेतली आपल्याच लोकांनी. तेव्हा त्या बंगालमध्ये श्रीरामपूरला होत्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजच्या दिवाणखान्यात त्या भर सभेत उभ्या राहिल्या आणि लोक विचारीत होते त्या सहा प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली. अमेरिकेलाच का? इथे शिकण्याची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? काही संकट ओढवले तर? आणि कोणत्याही बाईने जे केले नाही, ते तूच का करावेस? अठरा वर्षेही पुरी न झालेली मुलगी ती! १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची पदवी घेऊन ती परतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी याच पुण्यात तिने प्राण सोडला. तिची रक्षा मात्र पुन्हा समुद्र ओलांडून गेली. न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी गावी, कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती आहे.

रँग्लर परांजपे केंब्रिज जिंकून फर्ग्युसनमध्ये परत आले. इरावतीबाई कर्वे बर्लिनची डॉक्टरेट घेऊन पुण्यात परतल्या. फर्ग्युसन रस्त्यावरून चालताना मी परतलेल्यांचीच नावे मोजीत होतो. न परतलेल्यांची मोजायला बसलो असतो, तर आमच्या आळीतच रात्र सरली असती.

अखेर मुंबईचे बोलावणे आले. पुणेकराला अमेरिकन व्हिसाच्या मुलाखतीसाठी घाट उतरावाच लागतो. सकाळची डेक्कन क्वीन, दादरला उतरून वांद्रे-कुर्ला संकुल. आदल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी मुलाखत. २०११ पर्यंत ही कचेरी ब्रीच कँडीला होती, आता इथे आहे. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून तो माझ्या हाती देऊन, फाईल घेऊन ती आत गेली. मी रस्त्यापलीकडे इतर बापांत उभा राहिलो. कोणी कोणाशी बोलत नव्हते. एक गृहस्थ रिकाम्या चष्म्याचे घर उघडून मिटवीत होते.

ती आली ती हसतच. पासपोर्ट ठेवून घेतला होता, म्हणजे व्हिसा मिळाला!

“काय काय विचारलं?”

“कुठलं कॉलेज, कुठला विषय, खर्च कोण करणार. दोन मिनिटांत झालं.”

“आणि फाईल?”

“उघडलीसुद्धा नाही हो, बाबा.”

संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने परतलो. मांडीवर ती जाडजूड फाईल होती. त्यातला घराचा उतारा आता कर्जासाठी बँकेकडे जायचा होता. गाडी घाट चढू लागली. एक बोगदा गेला, दुसरा गेला. खिडकीत उजेड-अंधार चालला होता. मघापासून मी गप्प आहे, हे कन्येच्या ध्यानात आले असावे.

“बाबा, परत येणार का, हे त्यांनी विचारलंच नाही. तुम्ही विचारायचं आहे का?”

बोगदा सुरू होता, म्हणून बरे.

“कटलेट खा आधी,” मी म्हणालो, “गार होतंय.”

यंदाच्या दिवाळीत घरी पणत्या लागल्या, तेव्हा तिच्याकडे सकाळ होती. फोनवर तिने सगळ्या पणत्या पाहिल्या. मग आईने फोन हातात घेतला आणि मी इतके महिने न विचारलेले तिने एका दमात विचारून टाकले. कन्या काय म्हणाली, ते मला ऐकू आले नाही. आईला कमी ऐकू येते, म्हणून तिने फोन कानाला घट्ट धरला होता. ती नुसती मान डोलवत होती.