मावशींच्या मुलीची फी आणि आपली जकात

धायरी,
नववा रोजा

प्रिय बेटा,

परवा इफ्तारच्या वेळी तुझा फोन आला तेव्हा हात खजुराने चिकट होते, कुकरची शिट्टी व्हायची होती. तू विचारलंस, ‘खाला, यंदा पहिल्यांदाच माझ्यावर जकात बसतेय. कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीची नर्सिंगची फी थकलीय. तिला दिली तर चालेल का? त्या मुस्लिम नाहीत.’ मी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला. रात्रभर ते ‘बघू’ मला टोचत राहिलं. म्हणून हे पत्र.

आधी हिशेब. वही घे. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, एवढ्या मोलाची शिल्लक चांद्रवर्षभर राहिली तर जकात लागू होते. तोळा मात्र जुना धर, म्हणजे सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम. आजच्या सराफाच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यावर जाऊ नकोस. रोकड आणि थोडं सोनं असं मिळून असेल तर चांदीचा हिशेब लाव. ती हद्द खाली आहे, आणि खाली आहे म्हणूनच गरिबाच्या सोयीची आहे. देणं वजा कर. उरलेल्यावर अडीच टक्के. चार लाख असतील तर दहा हजार. अम्मीने दिलेल्या बांगड्याही मोज. आपण हनफी, आपल्यात दागिनेही धरतात. माझी जाऊ रत्नागिरीची, शाफई. त्यांच्यात रोज अंगावर घालायच्या दागिन्यांवर जकात नाही. यावरून आम्ही दोघी वीस वर्षं प्रेमाने भांडतोय.

शेतीवरच्या जकातीचा नियम तुझ्या नानांकडून मी लहानपणीच ऐकला होता. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा, आणि विहिरीचं पाणी ओढून भिजवलेल्या पिकाचा विसावा. जिरायताला जास्त, बागायताला कमी. मला हे उलटं वाटायचं. नाना म्हणायचे, ‘पाऊस त्याने दिला, मोट मी ओढली. ज्यात माझा घाम जास्त, त्यात त्याने माझ्याकडून कमी मागितलं.’ इतका बारीक न्याय फार थोड्या कायद्यांत सापडेल.

न्याय हा शब्द मी मुद्दाम वापरते. कुराणात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा तुमच्या मालात ठरलेला हक आहे, असं म्हटलंय. हक, बेटा, मेहरबानी नव्हे. ते अडीच टक्के तुझ्या खात्यात पडून असले तरी ते दुसऱ्याचे आहेत. यहुदी लोक दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात, तो शब्दही न्यायाच्या धातूतून आलाय, आणि आपला ‘सदका’ त्याचाच भाऊबंद. ज्यांच्या नावाने पुण्यात ससून हॉस्पिटल उभं आहे ते डेव्हिड ससून बगदादहून आलेले यहुदी. त्यांनी प्राण सोडला तोही पुण्यातच, १८६४ साली. आज त्या दवाखान्यात रांगेत उभं राहणाऱ्याला त्यांचा धर्म माहीतही नसतो.

दान हा हक की मेहरबानी, यावर शेजारच्या काकूंशी मागेच बोलणं झालं होतं. महाशिवरात्र होऊन चार दिवस झाले नाहीत तोच रमजान लागला. शिवरात्रीला त्या इथल्या धारेश्वराचं दर्शन घेऊन येताना माझ्यासाठी रताळ्याच्या किसाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आमच्यात माणूस जन्मतःच ऋण घेऊन येतो. देवाचं, ऋषींचं, पितरांचं. दाराशी आलेल्या पाहुण्याला जेवू घालणं हाही रोजचा यज्ञच.’ तेव्हापासून विचार करतेय. आपण म्हणतो हक, त्या म्हणतात ऋण. तोच पैसा आपण घेणाऱ्याच्या बाजूने पाहतो आणि त्या देणाऱ्याच्या. फरक आहे तो हिशेबात. आपल्याकडे टक्का ठरलेला. गीतेत देश, काळ, पात्र पाहून परतफेडीची आशा न धरता द्यायला सांगितलंय, रक्कम माणसाच्या मनावर सोडलीय. शिखांचा दसवंध दहावा हिस्सा मागतो, आणि नांदेडला लंगरच्या पंगतीत बसणाऱ्याला कुणी जात-धर्म विचारत नाही.

आता तुझा प्रश्न. खोटं सांगणार नाही. बहुतेक फकीह, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, म्हणतात, फर्ज जकात मुसलमान गरिबालाच; सदका मात्र कुणालाही द्यावा. मी त्यांचा मान राखते. पण ज्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितलेत, तिच्यात फकीर आणि मिस्कीन म्हटलंय, त्यांचा धर्म लिहिलेला नाही. अबू हनीफांचे शागीर्द अबू युसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये एक हकीकत आहे. खलिफा उमर यांना एक म्हातारा आंधळा यहुदी भीक मागताना दिसला. त्यांनी त्याला घरी नेलं, काही दिलं आणि खजिनदाराला बजावलं की याच्याकडे आणि याच्यासारख्यांकडे लक्ष द्या; याच्या तरुणपणी आपण कर घेतला, म्हातारपणी वाऱ्यावर सोडायचं, हा न्याय नव्हे. आणि आधार म्हणून हीच आयत म्हटली.

आपल्या इचलकरंजीचं आठवतंय ना? २०२० चा रमजान, लॉकडाऊनमुळे यंत्रमाग बंद, घराघरात चणचण. तरी तिथल्या मुस्लिम समाजाने जकात आणि देणग्यांतून ३६ लाख रुपये जमवले आणि आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. सरकारी दवाखाना, सगळ्यांसाठी. ईदच्या दिवशी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचं ऑनलाइन उद्घाटन केलं. त्या खाटेवर कोण झोपणार, हे पैसे देणाऱ्याने विचारलं नव्हतं. मला तेव्हा रडू आलं होतं.

त्याच दिवसांत मी आणखी एक पाहिलं. रेशनच्या पिशव्या वाटत होते. एका बाईच्या हातात पिशवीचा एक बंद आणि देणाऱ्याच्या हातात दुसरा. फोटो होईपर्यंत तो सोडेना. तिने पदर ओढून तोंड झाकलं, तर तो म्हणाला, ‘ताई, इकडे बघा.’ उपकार दाखवून आणि मन दुखवून आपला सदका वाया घालवू नका, ही ताकीद कुराणात आहे. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, हे हदीसमध्ये आहे, बायबलमध्ये आहे, आणि आपल्या गावाकडे त्यालाच गुप्तदान म्हणतात.

म्हणून माझं मत असं. मावशींना दे. मन कचरत असेल तर ती रक्कम सदका म्हणून दे आणि जकात नात्यातल्या गरजूला; चुलत मामूंचा कारखाना बंद आहे, त्यांना चालते. आई-वडील, मुलं यांना मात्र चालत नाही, ती तर आपली जबाबदारीच. मावशींच्या हातात पैसे ठेव, त्या मालक झाल्या पाहिजेत. फी त्या स्वतः भरतील. पाकिटावर काही लिहू नकोस. घेणाऱ्याला ही जकात आहे असं सांगावं लागत नाही, तुझी नियत पुरे. आणि तू त्यांना मावशी म्हणतेस, बेटा. खालाचा मराठीत अर्थ तोच.

फित्रा, म्हणजे ईदचं दान, ईदच्या नमाजाआधी पोचव, म्हणजे घेणाऱ्याच्या घरीही त्या दिवशी गोड होईल. आणि तू धायरीला ये. काकूंचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा कसा परत करायचा? शीरखुर्मा भरून ठेवते, तूच नेऊन दे.

तुझी,
खाला