ढीग पाडताना

मे महिन्यात इंद्रायणीचं पाणी खाली जातं आणि मावळातल्या वराळ्याच्या काठावर खडे उघडे पडतात. बालवाडीसाठी त्यातले घमेलंभर आणले, बादलीत धुतले आणि ओलेच ओट्यावर पसरले. साडेचार वर्षांची एक मुलगी बसली आणि कुणी काही सांगायच्या आत तिने दोन ढीग पाडले. काळे एकीकडे, राखाडी एकीकडे. मग तिला पाणी प्यायचं होतं, मग मैत्रिणीशी भांडायचं होतं. परत आली तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं आणि काळ्या ढिगातले निम्मे खडे राखाडी झाले होते. तिने ते मुकाट्याने राखाडीत सरकवले. थोड्या वेळाने आणखी सरकवले. शेवटी काळा ढीगच संपत आला, तशी थांबली. एक खडा उचलून चाटला. ताईंचं “अगं, तोंडात नाही!” येईपर्यंत चाटलेली जागा काळी झाली होती. ती जागा तिने शेजारणीला दाखवली आणि बादलीकडे पळाली.

आपला सह्याद्रीचा काळा पाषाण ओला असला की काळा दिसतो, वाळला की राखाडी. गारगोटी मात्र ओली काय, कोरडी काय, पांढरीच. म्हणजे काही गुण खड्याबरोबर राहतात आणि काही हवामानाबरोबर जातात. हे तिला शब्दांत सांगता येणार नाही, सांगायची गरजही नाही. दुसऱ्या दिवशी ढीग पाडायच्या आधी तिने सगळे खडे भिजवून घेतले. प्रयोगशाळेत सगळे नमुने आधी एकसारख्या स्थितीत आणतात ते यासाठीच.

*

“लाल मणी लाल वाटीत टाका, निळे निळ्या वाटीत.” याला आपण वर्गीकरण म्हणतो. हे सांगितलेलं ऐकणं झालं. कशावरून वेगळं करायचं हे ताईंनी आधीच ठरवून टाकलं. मुलाकडे उरली ती हमाली. वाट्या बिनरंगी ठेवाव्यात, मोजून ठेवू नयेत, आणि ढीग झाल्यावर एवढंच विचारावं: “हे सगळे इथे का गं?” उत्तर कधी “हे जड आहेत” येतं, कधी “हे माझे आहेत” येतं. दुसरं उत्तरही चालेल. त्यालाही नियम आहे.

*

चार वर्षांच्या मुलांना खडे दिले की पुष्कळदा ढीग होतच नाहीत. ओळ होते: मोठा बाबा, मधली आई, बारकं बाळ, आणि शेवटी फुटका शंख म्हणजे त्यांचा कुत्रा. ताई म्हणतात, जमलं नाही. जां पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९५९च्या त्यांच्या पुस्तकात हीच पायरी नोंदवली आहे: लहान मूल वस्तूंचे गट पाडण्याआधी वस्तूंचं चित्र मांडतं. चित्रातून हळूहळू गट येतो. ओळ मोडून “नीट” ढीग करायला लावलं तर घाई आपली होते, मुलाचं काम अर्धवट राहतं.

त्याच अभ्यासातली गंमत घरीही करून बघता येते. ताटात सहा झेंडू आणि दोन शेवंतीची फुलं ठेवा. विचारा, “झेंडू जास्त की फुलं जास्त?” पाच वर्षांचं मूल ठामपणे “झेंडू” म्हणेल. झेंडू हा झेंडूही आहे आणि फूलही आहे, एकाच वेळी दोन ढिगांत, हे पेलायला सात-आठ वर्षांचं व्हावं लागतं. तोवर समजावून घसा कोरडा करू नये.

*

मावळातल्या घरात विज्ञानाचं साहित्य विकत आणायची पाळी येऊ नये. तांदूळ नुसता साफ करायचा तरी आपण तीन निरनिराळ्या गुणांवर विसंबतो. हाताने निवडतो ते डोळ्यावर: खडा वेगळा दिसतो. चाळतो ते आकारावर: कणी खाली पडते, अख्खा दाणा वर राहतो. पाखडतो ते वजनावर: कोंडा हलका, सुपाच्या पुढच्या कडेला जाऊन उडतो. एकच मिश्रण, तीन अवजारं, तीन वेगळे ढीग. मुलांना भात, कणी आणि तूस एकत्र करून द्यावं, छोटं सूप आणि चाळण द्यावी आणि बाजूला बसावं. चाळणीतून तूस का जात नाही आणि सुपातून का जातं, हा प्रश्न मुलं विचारतील किंवा विचारणार नाहीत. हात तर शिकतीलच. (सूप धरायला आज्जीच लागते. ताई तरुण आहेत, त्यांनाही पाखडता येत नाही, असं त्याच हसत सांगतात.)

चौथी रीत खाचरातली. जूनच्या तोंडावर बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात, दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ. पोकळ दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेले भरीव दाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे आणि पेरायचे. बालवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यात “तरंगते-बुडते” म्हणून बूच आणि खिळा छापलेला असतो. इथल्या मुलाचा बाप त्याच आठवड्यात हाच पाठ पोटासाठी करत असतो. एका बादलीत साधं पाणी, एकीत मिठाचं, दोन्हींत तेच भात टाकून दाखवलं तर मुलांना कळतं की तरंगणं एकट्या दाण्याच्या हातात नाही, पाणीही त्यात आहे.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली इंद्रायणी हे वाण दिलं. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर. वासासाठी एक, उताऱ्यासाठी दुसरा. हा इतिहास मुलांना नको, पण शिजलेले दोन भात डोळे मिटून वासावरून ओळखायला द्यायला हरकत नाही. डोळ्यांशिवाय ढीग पाडता येतात हे कळायला हवं.

*

ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. सुरुवात माँटेसरीच्या वाटेने. पण १९४५ला ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि महागडी आयती साधनं खेड्यात परवडत नाहीत हे लगेच समोर आलं. मग बिया, पानं, शिंपले, काड्या, माती. १९५७ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं तेव्हा भोवतालचं रानच साधनांचं कपाट झालं. मला यातली काटकसर दुय्यम वाटते. माँटेसरीच्या गुलाबी मनोऱ्याचे ठोकळे एकाच गुणाने वेगळे असतात, लहान-मोठे. मुद्दाम तसे घडवलेले. रानातली बी रंगाने, आकाराने, वजनाने, वासाने, खुळखुळण्याने वेगळी असते आणि यातला कुठला गुण धरायचा हे मुलालाच ठरवावं लागतं. गरिबीमुळे आलेलं साधन इथे जास्त अवघड निघालं, म्हणून जास्त चांगलं. माँटेसरीचे कट्टर लोक हे मान्य करणार नाहीत.

*

जिवंत-निर्जीव. “लोकल जिवंत आहे, ती पळते.” नदीही जिवंत. झाड नाही, ते उभंच असतं. चुकीची दुरुस्ती करायचा मोह आवरावा आणि मूग भिजत घालावेत. मात्र नुसते मूग नकोत. शेजारच्या वाटीत मुगाएवढे बारके खडेही भिजत घालावेत. मुगाला मोड आले की दोन्ही वाट्या उघडायच्या. कालपर्यंत मूग आणि खडे दोन्ही “निर्जीव” ढिगात होते. आज कुणीतरी मूग उचलून पलीकडे ठेवतं. शेजारची खड्यांची वाटी नसेल तर पाण्यात ठेवलं की काहीही उगवतं, असाही निष्कर्ष निघू शकतो, आणि मुलांच्या बाजूने तो चूक नाही.

*

वाघूळ कुठल्या ढिगात? “पक्षी.” का? “उडतं.” मग कोंबडी? शांतता. मग एकजण: “कोंबडी भिंतीवरून उडते.” लिनियससारख्या माणसानेसुद्धा आधी देवमासे माशांत धरले होते, १७५८च्या आवृत्तीत ते सस्तन प्राण्यांत नेले. मुलांना दोन आठवडे द्यावेत.

*

गणपतीत पत्रीची टोपली बालवाडीत आणायची कल्पना उत्तम. एकवीस तऱ्हेची पानं आयती मिळतात. बेलाचं त्रिदळ, दूर्वेची पात, तुळशीची पानं देठावर समोरासमोर, जास्वंदीची एकाआड एक. डोळ्यांबरोबर नाकालाही काम. पण टोपली आधी मोठ्याने निवडावी. धोतरा आणि कण्हेर विषारी, रुईचा चीक डोळ्यांना वाईट. हे तिन्ही बाहेर. तसंच गुंजा. लाल अंगावर काळा ठिपका, मुलांना इतकी मोहवणारी दुसरी बी नसेल, आणि चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. वाटाणे, हरभरे तीन वर्षांच्या खालच्यांना अजिबात नकोत, ते नाकात जातात. आंब्याच्या वाळलेल्या कोयी चालतात.

*

२०२०च्या शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक पायाभूत स्तर केला, २०२३ला खेळण्यांचा “जादुई पिटारा” आला. पिटारा चांगला आहे. तो कुलपात राहू नये, एवढंच.

*

नदीच्या खड्यांत एक तुकडा हिरव्या काचेचा होता, कडा झिजून गुळगुळीत. एक विटेचाही. “नदीत सापडला, म्हणून दगड.” “नाही, बाटली आहे ती.” भांडण बराच वेळ चाललं. वीट मातीची, काच वाळूची, दोन्हींत माणसाचा हात, आणि दोन्हींवर नदीने काम केलेलं. ताईंनी तिसरी वाटी पुढे केली, तिला नाव दिलं नाही. मला वाटतं प्रत्येक वर्गात अशी एक वाटी हवीच. ढिगांत न बसणाऱ्या वस्तू दडपून बसवल्या की प्रश्न तिथेच संपतो.

*

पालकांची तक्रार ठरलेली: “दगडच खेळवता, एबीसीडी कधी?” एमआयडीसीत नोकरीसाठी बाहेरून आलेल्या घरांतून तर अधिकच. ताई वाद घालत नाहीत. त्या गृहपाठ देतात: घरातली एक गोष्ट मुलाला लावू द्या, कशी ते सांगू नका. कुणी चमचे लावतं, कुणी धुतलेले कपडे. मागे पावसात एका मुलाने उंबऱ्याबाहेरच्या सगळ्यांच्या चपला लावल्या, चिखलाच्या एकीकडे, बिनचिखलाच्या एकीकडे. आजोबांची एक चप्पल चिखलात रुतली होती, दुसरी नव्हती. त्यामुळे ती एक इकडे, एक तिकडे. आजोबा दुसरी चप्पल शोधत अर्धा तास दारात उभे. आईने ताईंकडे येऊन ही तक्रार म्हणूनच सांगितली.