नववा प्रश्न

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांना गुण देण्यांत माझीं २८ वर्षें गेलीं. जींत कमी गुण मिळविणाऱ्याचीच पाठ थोपटतात अशा परीक्षेला मात्र मी एकदांच बसलों. पत्नीच्या निधनानंतर झोप उडाली म्हणून डॉक्टरांकडे गेलों, तेव्हां त्यांनीं एक कागद पुढें केला. गेल्या दोन आठवड्यांत मन किती दिवस उदास होतें, कामांत रस वाटेनासा झाला काय, भूक, झोप, थकवा. असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्यापासून तीनपर्यंत अंक द्यावयाचा, एकूण गुण २७. माझी बेरीज ४ भरली. डॉक्टरांनीं समाधानानें मान हलविली आणि झोपेविषयीं कांहीं सूचना देऊन मला घरीं पाठविलें.

हा प्रसंग मी विसरूनहि गेलों असतों. पण गेल्या दिवाळींत माझी पुतणी लंडनहून आली. तेथील मॉड्स्ली रुग्णालयाच्या संस्थेनें २००८ च्या सुमारास मनोरुग्णांचीं टिपणें, नांवें झांकून, संशोधकांना उपलब्ध करून दिलीं. रुग्णाच्या नांवाच्या जागीं नुसतीं झेड अक्षरें, नातलगांच्या जागीं क्यू! अशा प्रकारचीं टिपणें संगणकाला, म्हणजे हल्लीं ज्याला कृत्रिम बुद्धि म्हणतात तिला, वाचावयास शिकविणें हें पुतणीचें काम. यांत कठीण तें काय, असें मला वाटलें.

"काका, डॉक्टर लिहितात, 'रुग्ण आत्महत्येचे विचार नाकारतो.' यंत्राला 'आत्महत्या' दिसते, 'नाकारतो' दिसत नाहीं. कुठं आईचा आजार लिहिलेला असतो, तो मुलीच्या माथीं बसतो."

म्हणून माणसें बसून वाक्यावाक्यावर खुणा करतात आणि त्या खुणांवरून यंत्र शिकतें. भाषेच्या प्राध्यापकाला ही गोष्ट किती सुखावून गेली म्हणून सांगूं! नकारार्थी वाक्याचें महात्म्य मी वर्गांत घसा फोडून सांगत आलों. त्याला इतक्या दूरचा साक्षीदार मिळाला.

पुढें ती म्हणाली कीं, बोलण्याच्या गतीवरून, मधल्या थांब्यांवरून खिन्नता ओळखण्याचेहि प्रयोग चालतात. यंत्राचें उत्तर बरोबर कीं चूक हें कशावरून ठरवितां, असें मीं सहज विचारलें.

"पुष्कळदां त्या नऊ प्रश्नांच्या कागदावरूनच. नववा मात्र संशोधनांत कधीं कधीं गाळतात. त्याला 'होय' म्हणणाऱ्याच्या मदतीला लगेच धांवणारं तिथं कुणी नसतं ना!"

मी गप्प झालों. नववा प्रश्न मला पाठ होता: आपण मेलेलें बरें, असें मनांत येतें काय? पहाटे शेजारच्या रिकाम्या खाटेकडे पाहतांना माझ्या मनांत दुसरें कांहीं येतच नव्हतें. तरी मीं शून्य लिहिलें. हुद्दा, वय, लोकलज्जा हीं कारणें आहेतच. पण खरें कारण असें कीं मुलगा शेजारीं बसला होता आणि त्याची नजर कागदावर होती. त्या कागदावर एखादें यंत्र पोसलें गेलें असतें, तर त्याला मीं खोटें ठरविलें असतें काय? माझें शून्य त्यानें इमानेंइतबारें पाठ केलें असतें. आणि माझ्यासारखा दडपलेला आवाज पुन्हां कानीं पडतांच 'हा मनुष्य सुखी आहे' असा निर्वाळा दिला असता.

हें सारें मीं पुतणीला सांगितलें. तिनें हातांतला चहा खालीं ठेवला.

"आणि आतां, काका? आतां किती लिहाल?"

मला चटकन् आंकडा सांगतां आला नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती मला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. कागद तोच होता. या खेपेस मुलाला मीं बाहेर बसावयास सांगितलें.