आंजीच्या वाटेवर मोबाईलची जागा

वर्धा शहर मागे टाकून आर्वीच्या रस्त्याला लागले की घरांची गर्दी हळूहळू विरळ होते आणि दोन्ही बाजूंना कपाशी, तूर व सोयाबीनची शेते सुरू होतात. याच रस्त्यावर येळाकेळीनंतर आंजी (मोठी) हे गाव लागते आणि पुढे खरांगण्यावरून वाट आर्वीकडे जाते. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. आंजीचे नाव वैद्यकीय शिक्षणाशीही जोडलेले आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना १९६९ साली झाली. तिच्या सामुदायिक आरोग्याच्या कामात आंजीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा परिसर महत्त्वाचा मानला जातो. रोग रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच घराघरांत थोपवावा, हा त्या कामामागचा विचार आहे. रस्त्यावरील अपघातही असाच थोपवण्याजोगा आहे आणि त्याचा प्रतिबंध गाडी सुरू होण्यापूर्वीच करावा लागतो.

गावाच्या नावातला कंस बाहेरच्या प्रवाशाला नवलाचा वाटतो. वर्धा जिल्ह्यात अशी कंसातली नावे पुष्कळ आहेत. सावंगी (मेघे), सिंदी (रेल्वे), तळेगाव (श्यामजीपंत), खरांगणा (मोरांगणा). एकाच नावाची गावे अनेक असल्याने हा कंस ओळखीचे काम करतो. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडेही एक आंजी आहे. मोबाईलच्या नकाशात नुसते ‘आंजी’ लिहिले, तर तो आपल्याला कोणत्या आंजीकडे नेईल याचा भरवसा नाही. म्हणून गावाचे पूर्ण नाव आणि जिल्हा पाहून, मार्ग निश्चित करूनच निघावे. गाडी चालू असताना ही दुरुस्ती करू पाहणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय.

आता या गावाकडे दूरचे प्रवासीही सहज येतात. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णत्वाने खुला झाला आणि त्यावरून उतरण्याची सोय येळाकेळीजवळ आहे. महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तेथून उतरताच काही मिनिटांत समोर गावाचा रस्ता येतो. शाळेतून परतणारी मुले, कापसाने भरलेला ट्रॅक्टर, सावकाश चालणारी बैलगाडी, अचानक येणारा गतिरोधक. नेमक्या याच वेळी अनोळखी चालकाला नकाशा पाहावासा वाटतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. दोन सेकंद मांडीवरच्या मोबाईलकडे पाहिले, तर जवळजवळ ३३ मीटर रस्ता आपण न पाहताच ओलांडलेला असतो. वाहन चालवताना मोबाईल वापरणाऱ्यांना अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात मोबाईल धरून वाहन चालवणे हे धोकादायक वाहनचालन मानले गेले असून, पहिल्या गुन्ह्यासाठी १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी एवढी मोकळीक दिली की, केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने उपकरण वापरता येते. या अटीचे पालन व्हायचे, तर मोबाईलला गाडीत एक पक्की जागा हवी. ती जागा म्हणजे मोबाईल होल्डर.

होल्डर निवडताना किमतीआधी हवामानाचा विचार करावा. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तो त्याहून कितीतरी चढतो. काचेला हवेच्या दाबाने चिकटणारी रबरी वाटी अशा तापात मऊ पडते, तिच्या कडेने हवा शिरते आणि होल्डर निसटतो. खरखरीत डॅशबोर्डावर तर ती नीट बसतच नाही. वाटीचा होल्डर घ्यायचाच असेल, तर काच पुसून कोरडी करावी, वाटी अधूनमधून कोमट पाण्याने धुऊन पुन्हा बसवावी आणि प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी ओढून पाहावी.

एसीच्या जाळीला अडकणारा होल्डर नजरेच्या जवळ राहतो आणि थंड हवेमुळे मोबाईल फारसा तापत नाही. मात्र जाळीची प्लॅस्टिकची पाती नाजूक असतात. जड मोबाईल आणि खड्ड्यांचा रस्ता यांच्यापुढे ती वाकतात वा तुटतात. जाळीमागे आकडा अडकवून स्क्रूने आवळता येणारा प्रकार नुसत्या चिमट्यापेक्षा बरा. हिवाळ्यात हीटर लावल्यास ती जाळी बंद ठेवावी.

चिकटपट्टीवर बसणारा होल्डर नीट लावल्यास बराच भरवशाचा असतो. घाई मात्र त्याला मानवत नाही. जागा अल्कोहोलच्या पुसणीने स्वच्छ करून वाळू द्यावी, होल्डर अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावा आणि मोबाईलचा भार त्यावर दुसऱ्या दिवशी द्यावा. चिकटपट्टीला पूर्ण पकड घ्यायला वेळ लागतो. म्हणून हे काम प्रवासाच्या आदल्या दिवशी, गाडी सावलीत असताना करावे.

चुंबकाचा होल्डर एका हाताने वापरता येतो, म्हणून अनेकांना आवडतो. पण चुंबकामुळे मोबाईलमधील दिशादर्शक गोंधळू शकतो आणि मागे लोखंडी पट्टी लावलेला मोबाईल वायरलेस चार्जरवर ठेवल्यास पट्टी तापते. घरात कोणाला पेसमेकर बसवला असेल, तर चुंबकाचे साहित्य त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर असावे. चुंबकी कव्हर असलेला मोबाईल अशा व्यक्तीने सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये आणि शंका असल्यास आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

जागेची निवड तितकीच महत्त्वाची आहे. स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला, नजरेच्या रेषेच्या थोडे खाली आणि डावा हात सहज पोहोचेल इतक्या अंतरावर होल्डर असावा. समोरच्या काचेच्या मध्यभागी किंवा उजव्या खांबाजवळ तो लावला, तर वळणावर येणारा दुचाकीस्वार त्याच्याआड दडू शकतो. डॅशबोर्डावर जेथे ‘एअरबॅग’ अशी अक्षरे उमटवलेली असतात, तेथे आणि त्याच्या आसपास काहीही लावू नये. अपघाताच्या क्षणी ती पिशवी सेकंदाच्या अगदी लहान अंशात फुगते आणि तिच्या वाटेतला होल्डर माणसावर फेकला जातो. चार्जरची वायर गिअर किंवा स्टीअरिंगवरून आडवी जाऊ देऊ नये.

होल्डर बसवल्यावर मोबाईल ठेवून तो हलवून पाहावा आणि आधी घराजवळच्या खडबडीत गल्लीत एक फेरी मारावी. मोबाईल डुलत असेल, तर नजर त्याच्यावर अधिक काळ खिळते. सैल होल्डरमधून घसरलेला मोबाईल ब्रेकच्या पायपट्टीखाली गेला, तर ब्रेक पूर्ण दाबता येत नाही. गाडीतल्या साऱ्या कुटुंबाचा जीव मग त्या बोटभर जागेवर अवलंबून राहतो. तसे घडल्यास वाकून मोबाईल शोधू नये. वेग कमी करत गाडी कडेला घ्यावी आणि थांबल्यावरच तो उचलावा.

चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसू लागते. अशा चालकाने होल्डरवरची अक्षरे वाचण्यासाठी डोळे बारीक करण्यापेक्षा नकाशाचा आवाज सुरू ठेवावा आणि अक्षरे मोठी करून घ्यावीत. सोबत कोणी असेल, तर नकाशा त्याच्याकडे सोपवावा. पूर्वी अनोळखी मुलखात वाटाड्या घेत असत. पुढच्या आसनावर बसलेल्या मुलीने किंवा वहिनींनी ते काम आनंदाने करावे. फोन आला, तर तोही त्यांनीच घ्यावा.

होल्डर लावला म्हणून मोबाईलकडे टक लावून पाहण्याची मुभा मिळत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे. एक ओझरता कटाक्ष पुरे. त्याने भागत नसेल, तर गाडी थांबवावी. आंजीच्या रस्त्यावर थांबणे मुळीच अवघड नाही. एखाद्या चहाच्या टपरीपाशी गाडी कडेला घ्या आणि विचारा, “भाऊ, आरोग्य केंद्राकडे कसं जायचं?” या भागात असे विचारणाऱ्याला कोणी परका मानत नाही. उत्तर मिळेल, कदाचित चहाचा आग्रहही होईल, आणि तेवढ्या वेळात डोळ्यांना विसावाही लाभेल.